चितळाच्या लेंड्या ते वीर्यतपासणी: प्रजनन-संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

बी.एस्सी.चे निकाल लागले की मला एक प्रश्न हमखास येतो: "ताई, वाइल्डलाइफ करू की मेडिकल साइडला जाऊ?" विचारणारी मुलं-मुली बहुतेक प्राणिशास्त्राची असतात. घरच्यांना वाटतं, जंगलात जाऊन पोट भरत नाही. मुलांना वाटतं, आयव्हीएफच्या लॅबमध्ये शिरलं की जंगल कायमचं सुटलं. मी आधी काही वर्षं मेळघाटात चितळांच्या प्रजननावर काम केलं आणि आता मुंबईत पुरुषांच्या वंध्यत्वावरच्या संशोधनात आहे. लोक याला 'लाइन बदलली' म्हणतात. मला तसं कधी वाटलं नाही. प्रजनन हा विषय एकदा धरला की चितळ आणि माणूस यांच्यामधलं अंतर बाहेरून दिसतं तेवढं उरत नाही. दोन्हीकडे कामाला येणारी सवयही एकच: हातातला आकडा ज्या जिवाचा आहे तो जगतो कसा, हे विचारल्याशिवाय आकडा वाचायचा नाही. ही सवय कुठल्याही कॉलेजात वेगळा पेपर म्हणून शिकवत नाहीत, म्हणून तिच्याबद्दलच जास्त लिहिते. डिग्र्या, परीक्षा आणि पैसे यांचंही शेवटी सांगते.

आधी थोडा इतिहास, कारण तो ठाऊक असला की 'मी चुकीच्या खोलीत आले का' ही भीती जाते. ६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडाचा जन्म झाला, आणि तेव्हा तीच देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून ओळखली गेली. त्या कामात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या जोडीला डॉ. टी. सी. आनंदकुमार होते, परळच्याच प्रजनन-संशोधन संस्थेचे संचालक. त्यांची आधीची बरीच वर्षं माकडांच्या प्रजनन-संप्रेरकांवर गेली होती. पुढे याच आनंदकुमारांनी कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींची टिपणं बारकाईने वाचली, आणि ३ ऑक्टोबर १९७८ला जन्मलेल्या मुलीचं, म्हणजे भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचं, श्रेय मुखर्जींचं आहे असं जाहीरपणे लिहिलं. तोवर मुखर्जी हयात नव्हते. स्वतःकडे असलेला पहिलेपणाचा मान माणूस असा दुसऱ्याला देऊन टाकतो, हे मला त्यांच्या सगळ्या शोधनिबंधांपेक्षा मोठं वाटतं.

शुक्राणू गोठवायची युक्तीही प्राण्यांकडूनच आली. ग्लिसरॉल घातलं तर शुक्राणू गोठवूनही जगतात हे पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी १९४९ साली दाखवलं, ते कोंबड्याच्या शुक्राणूंवर. माणसात गोठवलेल्या वीर्यापासून गर्भधारणा झाल्या त्या १९५३ साली. आपल्याकडे उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेने गोठवलेल्या वीर्याने गाई भरवण्याचं काम गावोगाव नेलं. ज्यांच्या गोठ्यात हे झालं आहे त्या घरातल्या मुलांना द्रव नायट्रोजनचं कॅन ओळखीचं असतं. आयव्हीएफच्या लॅबमधलं कॅन त्याच जातीचं आहे, आतलं तापमानही तेच, उणे १९६ अंश. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू-जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत तर एकाच संस्थेच्या दोन अंगांना ही दोन्ही कामं चालतात. तिच्या लॅकोन्स या प्रयोगशाळेत कृत्रिम रेतनातून चितळाचं आणि काळविटाचं पाडस जन्माला आलं, आणि त्याच सीसीएमबीत पुरुषांच्या वंध्यत्वामागच्या जनुकीय कारणांवर संशोधन होतं.

आता माझ्या कामाकडे येते. रानातल्या मादीचं रक्त रोज कोण काढणार? तिला बेशुद्ध करायचं म्हणजे पशुवैद्यक हवा, परवानगी हवी, आणि त्या धावपळीत तिच्या अंगातली तणावाची संप्रेरकं वाढतात ती वेगळीच. म्हणून आम्ही लेंड्या गोळा करतो. प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल यांचं शरीरात रूपांतर होऊन जे उरतं ते विष्ठेतून बाहेर पडतं. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत ते साधारण आदल्या दिवसाचं चित्र दाखवतं.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात दुर्बीण डोळ्याला लावून एका मादीवर नजर धरून बसायचं. ती चरता चरता थांबते, शेपूट जराशी वर जाते, आणि पुन्हा चालू लागते. ती जागा नजरेतून सुटू द्यायची नाही. मी जवळचं एखादं वेगळ्या आकाराचं पान किंवा मोडकी काटकी मनात पक्की करायचे. कळप आपल्या आपण पुढे सरकेपर्यंत उठायचं नाही, कारण आपण उठलो की सगळा कळप बिथरतो आणि पुढचा तास फुकट जातो. मग हातमोजे घालून जायचं. ताजी लेंडी चकचकीत असते, फोडली तर आतून ओलसर हिरवट. हे मला एका कोरकू वनमजुरानं शिकवलं. माझ्या हातातल्या प्रोटोकॉलमध्ये 'ताजा नमुना घ्या' एवढंच लिहिलं होतं. मादीनं तिथंच मूत्र सोडलं असेल तर त्या लेंड्या घ्यायच्या नाहीत, कारण मूत्रातही संप्रेरकं असतात आणि आकडा फुगतो. एकाच ढिगातल्या सगळ्या लेंड्यांत संप्रेरक सारखं नसतं, म्हणून मूठभर घेऊन पिशवीतच नीट मळून एकजीव करायच्या. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची, अल्कोहोलमध्ये पेनाची शाई विरघळून जाते. पावसाळ्यात तर शेणकिड्यांशीच शर्यत असते. आपण वही उघडून वेळ लिहीपर्यंत त्यांनी अर्धा ढीग गुंडाळलेला असतो.

लिहायचं काय, यावर नवी मुलं फार घाई करतात. वेळ, जागा, कळपात किती, मादीबरोबर पिल्लू आहे का, पोट दिसतंय का, जवळ नर आहे का, त्याची शिंगं कडक आहेत की मखमली, आदल्या दिवशी पाऊस होता का, पर्यटकांची जिप्सी किती लांब होती. हे लिहायला कंटाळा येतो. पण लॅबमध्ये हेच कामाला येतं.

समजा, रस्त्यालगतच्या माद्यांमध्ये तणावाच्या संप्रेरकांचा आकडा आतल्या जंगलातल्या माद्यांपेक्षा जास्त आला. लगेच निष्कर्ष तयार: पर्यटनामुळे ताण. पण गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात हीच संप्रेरकं एरवीही वाढलेली असतात. रस्त्यालगतचं गवत कोवळं असेल, पाणवठा जवळ असेल आणि म्हणून गाभण माद्याच तिथे जास्त येत असतील, तर आपण ज्याला ताण म्हणतोय तो गाभणपणा आहे. त्यासाठी त्याच नमुन्यात गाभणपणात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे अंशही मोजावे लागतात आणि वहीतलं 'पोट दिसतंय' हे टिपण शोधावं लागतं. उन्हाळ्यात चारा वाळतो, विष्ठेतला चोथा बदलतो, त्यानेही आकडा हलतो. पर्यटनाचा त्रास होत नाही असं मी म्हणत नाही. अनेक ठिकाणी होतो. पण तो सिद्ध करायचा असेल तर बाकीची कारणं आधी बाजूला काढावी लागतात, नाहीतर पहिल्याच बैठकीत समोरचा माणूस आपलं म्हणणं मोडीत काढतो आणि नुकसान जंगलाचं होतं.

लॅबचा भाग थोडक्यात सांगते. नमुना वाळवायचा, कुटायचा, चाळायचा, ८० टक्के मिथेनॉलमध्ये घुसळायचा, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घ्यायचं आणि ९६ खळग्यांच्या प्लेटवर एलायझा, म्हणजे रंगावरून संप्रेरक मोजणारी चाचणी, लावायची. शेवटी पिवळा रंग येतो तो ४५० नॅनोमीटरवर वाचायचा. हे कुणीही आठवड्याभरात शिकतं. शिकायला वेळ लागतो तो पडताळणीला. बाजारात मिळणारं किट माणसाच्या रक्तासाठी बनवलेलं असतं. ते चितळाच्या लेंडीतल्या रूपांतरित संप्रेरकाला ओळखतं का, नमुना पातळ करत गेलं तर त्याच्या आलेखाचा वक्र माहीत प्रमाणाच्या द्रावणांच्या वक्राला समांतर राहतो का, मुद्दाम घातलेलं संप्रेरक पुरतं परत मोजलं जातं का, हे प्रत्येक प्रजातीसाठी नव्यानं दाखवावं लागतं. शक्य असेल तिथे प्राणिसंग्रहालयातल्या, आधीच गाभण असल्याचं माहीत असलेल्या मादीचे नमुने घेऊन खात्री करतात. पडताळणीत महिने गेले की मुलं रडकुंडीला येतात, 'माझं खरं काम कधी सुरू होणार' म्हणतात. खरं काम तेच असतं. पुढे माणसांच्या लॅबमध्ये आले तेव्हा माझ्या हाताला सगळ्यात जास्त कामाला आलं ते हेच.

दुसरं कामाला आलं ते प्रजातींचं वैविध्य. बाईच्या पाळीचं चक्र २८ दिवसांचं म्हणून आपण पाठ करतो आणि नकळत तेच सगळ्यांचं मानतो. हत्तिणीचं चक्र तीन-चार महिन्यांचं असतं आणि गाभणकाळ सुमारे २२ महिन्यांचा. वाघिणीचं बीजांड बहुतांशी मिलनानंतरच सुटतं. निसर्गात 'नॉर्मल' किती तऱ्हांचं असू शकतं हे डोळ्यांखालून गेलेलं असलं की क्लिनिकमध्ये एखाद्या बाईची पाळी ३५ दिवसांनी येते म्हटल्यावर तोंडून लगेच 'बिघाड' हा शब्द निघत नाही.

माणसांच्या लॅबमध्ये मी आले ती वीर्यतपासणीच्या टेबलावर. नमुना आला की ३७ अंशांवर ठेवायचा, अर्ध्या तासात तो पातळ होतो, मग मोजायचं. किमान २०० शुक्राणू, तेही दोनदा, आणि दोन्ही मोजण्यांत तफावत जास्त आली तर पुन्हा. नाव आणि नंबर दोघांनी मोठ्यानं वाचून जुळवायचं. इथल्या अदलाबदलीचा परिणाम एका घराला जन्मभर भोगावा लागतो, त्यामुळे या शिस्तीत सूट कुणालाच नाही.

रिपोर्टवर मग आकडे छापले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या सहाव्या आवृत्तीतली खालची मर्यादा अशी: मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, सुबक आकाराचे ४ टक्के. हे आकडे आले कुठून? ज्यांच्या जोडीदाराला वर्षभराच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांचे नमुने घेतले, आणि त्यातले सगळ्यात खालचे पाच टक्के जिथे संपतात तिथे रेघ ओढली. म्हणजे बाप झालेल्या शंभरांतले पाचजण त्या रेघेखालीच होते. तरीही रेघेच्या जरा खाली आकडा आला की माणूस 'माझ्यात दोष आहे' म्हणून कोलमडतो, आणि जरा वर आला की घरचे 'मग दोष हिच्यातच' म्हणून बायकोकडे बोट दाखवतात. ती रेघ या दोन्हींपैकी काहीच सांगत नाही. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडच्या कारणाचा काही ना काही वाटा असतो, आणि तरी आपल्याकडे पहिली तपासणी होते ती बाईची. वर्षानुवर्षं औषधं, उपास, नवस, सोनोग्राफ्या सगळं तिच्याच वाट्याला येतं आणि नवऱ्याची साधी तपासणी शेवटी होते. याचा मला अजून संताप येतो.

नुसत्या आकड्यावरून निकाल लागत नाही, हे प्राण्यांतही दिसतं. गीरच्या सिंहांचे वीर्यनमुने जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयात तपासले गेले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या सिंहांच्या तुलनेत त्यांच्यात विकृत शुक्राणूंचं प्रमाण बरंच जास्त आढळलं, आणि जनुकीय वैविध्य फारच कमी. नुसता तो रिपोर्ट हातात घेतला असता तर प्रजाती संपली असंच कुणीही म्हटलं असतं. पण जंगलाला संरक्षण मिळालं, भक्ष्य वाढलं आणि २०२०मध्ये सिंहांची संख्या ६७४ नोंदली गेली, २०२५मध्ये ८९१. विकृत शुक्राणूंची काळजी खोटी होती असं नाही. साथ आली तर एकसारखी जनुकं महागात पडू शकतात. पण 'पिल्लं होतील का' या प्रश्नाचं उत्तर एकट्या मायक्रोस्कोपखाली नव्हतं.

म्हणून नमुन्याबरोबरच्या फॉर्मवर मी भांडून काही प्रश्न वाढवून घेतले. काम काय करता, कुठे करता, गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, आणि तिथून बाहेर यायला आणखी काही. त्यामुळे आजचा नमुना आजची प्रकृती सांगत नाही, दोन-अडीच महिन्यांपूर्वीची सांगतो. तेव्हा डेंग्यूनं फणफणलेल्या माणसाचा आकडा आज खाली दिसला तर घाबरवण्याऐवजी पुन्हा तपासायला बोलवायचं. भट्टीसमोर उभं राहणं, तासन् तास गाडी हाकणं, द्राक्षबागेत फवारणी करणं, हे सगळं विचारायचं. पहिल्यांदा विचारलं की पुरुष चमकतात. मग बोलायला लागतात, कारण कामाबद्दल बोलणं त्यांना सोपं जातं, आणि हळूहळू इतर गोष्टीही कळतात.

असं विचारल्यानं काय हाती लागतं याचं कॅलिफोर्नियातलं उदाहरण मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. १९७७ साली लॅथ्रॉप गावच्या कारखान्यात डीबीसीपी हे जमिनीतल्या सूत्रकृमींना मारणारं औषध बनायचं. तिथल्या कामगारांच्या आपापसातल्या बोलण्यात आलं की आपल्यापैकी कुणालाच अलीकडे मूल झालेलं नाही. त्यांनी तपासणीची मागणी लावून धरली. तपासलं तर अनेकांत शुक्राणू फार कमी होते, काहींत अजिबात नव्हते. हे औषध शुक्रपेशींना घातक असल्याच्या खुणा प्राण्यांवरच्या प्रयोगांत कितीतरी आधी दिसल्या होत्या, त्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं.

इथेच वन्यजीवांचा अभ्यास आणि माणसाचं वंध्यत्व एकमेकांना खरे भिडतात. फ्लोरिडात अपॉपका नावाचं मोठं तळं आहे. १९८०मध्ये शेजारच्या रसायन कारखान्यातून त्यात डायकोफॉल आणि डीडीटी ही कीटकनाशकं मिसळलेला सांडवा गेला. त्यानंतरच्या काळात तिथल्या मगरींच्या जातीची, ॲलिगेटरची, पिल्लं झपाट्यानं कमी झाली. लुई गिलेट या संशोधकानं तिथली अंडी आणि पिल्लं तपासली. १९९४मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं की तिथल्या मादी पिल्लांच्या बीजांडकोशांची घडण बिघडलेली आहे आणि नर पिल्लांत टेस्टोस्टेरॉन फार कमी आहे. म्हणजे विष असं होतं की ज्यानं जनावर मरत नव्हतं, त्याच्या संप्रेरकांचं गणित अंड्यात असतानाच बदलत होतं. हा गिलेट पुढे दक्षिण कॅरोलिनातल्या वैद्यकीय विद्यापीठात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विभागात प्राध्यापक झाला. मगरींचा माणूस थेट प्रसूतिशास्त्रात! मला दिशा सापडली ती त्याचं काम वाचताना.

पण अपॉपकावरून उडी मारून 'प्लॅस्टिकच्या बाटलीमुळे मूल होत नाही' असं सांगणारी भाषणं हल्ली फार ऐकू येतात. त्यात पडू नका. तळ्यात डोस प्रचंड होता, आणि तो ऐन घडणीच्या काळात लागला. माणसात अनेक रसायनं थोडी थोडी, वेगवेगळ्या वयात येतात, सोबत वजन, तंबाखू, वय, संसर्ग आणि उशिरा होणारी लग्नं असतात. जगभरात शुक्राणूंची संख्या घटते आहे का यावर १९९२च्या डॅनिश विश्लेषणापासून वाद चालू आहे, आणि त्या वादाचा मोठा भाग हाच आहे की जुन्या काळी मोजणी कशी केली आणि मोजायला माणसं कुठली निवडली. हा वाद मुळातून वाचा. आपल्या क्षेत्राचं यापेक्षा चांगलं शिक्षण मला माहीत नाही.

आपल्याकडचा आजचा जिवंत प्रश्न पाहायचा तर जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसाकडे बघा. ऊसतोडीच्या हंगामात सरीत बिबट्याचे बछडे सापडतात, माणसांवर हल्ले होतात, लोक भीतीखाली जगतात. त्यातून माद्यांच्या गर्भनिरोधनाचा विचार गंभीरपणे पुढे आला आहे. अशा वेळी दोन्हीकडचं कळणारी माणसं लागतात. डुकराच्या बीजांडाच्या आवरणापासून केलेली गर्भनिरोधक लस अमेरिकेतल्या असाटीग बेटावरच्या रानघोड्यांत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या हत्तिणींत चांगली चालली. मांजरांत मात्र तिनं निराशा केली, आणि बिबट्या मांजरकुळातला. त्या कुळात अलीकडे वापर झाला तो मेंदूकडून बीजांडकोशाकडे जाणारा संदेश दाबणाऱ्या औषधांचा. याच घराण्यातली औषधं आयव्हीएफ सेंटरमध्ये बायकांना रोज टोचली जातात. तेव्हा औषधाचं शास्त्र आपल्याला परकं नाही. पण पुढचा प्रश्न रानातला आहे. मादीला पिल्लं झाली नाहीत तर शेजारणीची जास्त जगतील का? रिकाम्या जागेत बाहेरून बिबटे येतील का? दरवर्षी जन्मणारे, जगणारे आणि बाहेरून येणारे बिबटे वेगवेगळे मोजल्याशिवाय उपाय लागू पडला की नाही हे सांगताच येणार नाही. प्रयोग करू नये असं माझं मत नाही. मोजणीची तयारी न करता केला तर तो प्रयोग ठरणार नाही, असं मात्र माझं ठाम मत आहे.

आता व्यवहाराचं. वन्यजीवांच्या बाजूला डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूची एनसीबीएस ही जीवशास्त्राची राष्ट्रीय संस्था इथे एम.एस्सी. होते. दोन्हीच्या प्रवेशपरीक्षा कठीण आहेत, जागा थोड्या. तिथे नाही मिळालं तर साधं प्राणिशास्त्र करून प्रकल्पांवर काम करत वर येता येतं, मी तसंच आले. माणसांच्या बाजूला संशोधन करायचं तर परळची एनआयआरआरसीएच आहे, आनंदकुमार जिचे संचालक होते तीच संस्था. आयव्हीएफ लॅबमध्येच हात चालवायचे असतील तर क्लिनिकल एम्ब्रिऑलॉजीची पूर्ण एम.एस्सी. बघा, मणिपालला चांगली आहे. काही महिन्यांच्या महागड्या डिप्लोम्यांच्या जाहिरातींपासून सावध राहा. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१च्या कायद्याखालच्या नियमांत एम्ब्रिऑलॉजिस्टला कुठली पात्रता लागते ते लिहिलेलं आहे. फी भरायच्या आधी तो मजकूर स्वतः वाचा. जनावराला बेशुद्ध करणं, त्याचं वीर्य काढणं हे पशुवैद्यकाचं काम आहे. तेच करायचं असेल तर नागपूर किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता धरा.

पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट किंवा आयसीएमआरची जेआरएफ, म्हणजे संशोधनाची पाठ्यवृत्ती, काढलीत तर बरंच हलकं वाटतं. जानेवारी २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि घरभाडं, पुढे ४२,००० मिळतात. प्रकल्पावरच्या नोकऱ्यांत याहून कमी मिळतं आणि प्रकल्प संपला की तेही थांबतं, पैसे उशिरा येणं तर नेहमीचंच. घरी हे आधीच उघडपणे सांगून ठेवा. आयव्हीएफ लॅबमध्ये सुरुवातीला फार नसलं तरी पगार नियमित असतो आणि हात बसला की वाढतो. त्याच्या बदल्यात रविवार, दिवाळी विसरायची. भ्रूण पाचव्या दिवशी पाचव्याच दिवसाचा असतो.

परवानग्यांना वेळ धरा. महाराष्ट्रातल्या अभयारण्यात कामाचा अर्ज नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षकांच्या वन्यजीव कार्यालयात जातो. लेंड्या उचलायलाही परवानगी लागते. माणसांच्या नमुन्यांना नीतिसमितीची मंजुरी आणि प्रत्येकाची लेखी संमती लागते, आणि ती त्याला कळेल अशा मराठीत. संमतीपत्राचा मराठी मसुदा मी स्वतः लिहिते, भाषांतरावर सोडत नाही. गुप्ततेचा नियम दोन्हीकडे सारखा कडक आहे: माळढोकच्या अंड्याची जागा आणि पेशंटचं नाव, दोन्ही फोटोत येता कामा नये.

लसी घ्या. रानात जायच्या आधी रेबीजची, लॅबमध्ये शिरायच्या आधी हिपॅटायटिस बीची. गोचिडी चावतात, त्यातून ताप येतात, सिंधुदुर्ग-गोव्याकडे माकडतापही आहे. संध्याकाळी अंग तपासायची सवय लावा. मुलींना एक सांगते: वनचौकीत संडास कुठे आहे, रात्री सोबत कोण असणार, पाळीच्या दिवसांत नोंदींचं काय करायचं, हे प्रकल्पप्रमुखाला पहिल्याच दिवशी विचारा. चांगला प्रमुख उत्तर तयार ठेवतो. विचारल्यावर जो हसतो त्याचा प्रकल्प घेऊ नका.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी शोधनिबंधांची धास्ती असते. शोधनिबंध वाचताना आधी आकृत्या, मग पद्धत, मग निष्कर्ष, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी, असं वाचा. सांख्यिकीला मात्र सूट नाही, 'आर' ही प्रणाली शिकाच, ती फुकट आहे. आणि मराठी येणं ही या कामात खरी ताकद आहे. वनमजुराशी आणि भट्टीवरच्या माणसाशी बोलता आलं नाही तर वहीतले आणि फॉर्मवरचे अर्धे रकाने रिकामे राहतात.

प्रयोगशाळेला मेल पाठवताना 'मला वन्यजीवांची लहानपणापासून आवड आहे' हे वाक्य गाळा. त्यांचा एक शोधनिबंध नीट वाचा आणि पद्धतीच्या भागातला एकच न कळलेला मुद्दा विचारा: नमुने अल्कोहोलमध्ये का ठेवले, बर्फात का नाही, पुरुषांना कामाबद्दल विचारलं होतं का, कुठल्या महिन्यांत गोळा केले. सोबत एका पानाचा बायोडेटा जोडा. दोन आठवडे वाट बघा, मग एकदा आठवण करा. असा मेल आला तर मी तरी त्याच दिवशी उत्तर देते.